कळलावीचा उतार

भाद्रपद लागला की मला कोणी फोन करू नये असं वाटतं. नेमके तेव्हाच फोन येतात. गेल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "रानफुलांची सहल या वर्षी कधी?" आणि पुढे माझं नाव. त्याखाली टाळ्या, गुलाब, जोडलेले हात. मी फोन उपडा ठेवला आणि चवळीच्या शेंगा मोडायला बसले. शेंगा मोडून झाल्या, धुऊन झाल्या, फोडणीला पडल्या, तरी फोन सुलटा करायचा धीर होईना.

ग्वाल्हेरचा भाद्रपद कोंदट असतो. पाऊस गेल्यासारखा वाटतो आणि ऊन काही धड आलेलं नसतं. खासगी बाजारातल्या आमच्या गल्लीत भिंतींना ओल असते, कपाटातल्या पुस्तकांना वास येतो, आणि शहराबाहेरच्या लाल दगडाच्या डोंगरांवर करधई हिरवीगार झालेली असते. उन्हाळ्यात ही झाडं इतकी वाळतात की अनोळखी माणूस त्यांना सरपण समजेल. हवेत नुसता दमटपणा आला तरी ती पालवतात, असं इथले लोक सांगतात. मी जीवशास्त्र शिकवण्यात नोकरी संपवली, पण हे मला पुस्तकाने नाही, अण्णांनी सांगितलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. एका सरकारी कचेरीत टंकलेखक होते. आमचे पूर्वज दक्षिणेतून दरबारी पूजाअर्चेसाठी इथे आले, पुढे दरबार गेला, अर्चाही गेली, आणि घरात उरल्या त्या खड्यांच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, फक्त वाहत्या पाण्यातून आणलेले सात खडे. ते घरातल्या मुलीने आणायचे. मी एकुलती, आणि लग्न न केल्यामुळे ही नेमणूक कायमची झाली. सांधे धरलेल्या, चष्मा लावलेल्या या कुमारिकेला बघून गौरीला दरवर्षी हसू येत असणार.

सुरुवातीला मात्र मी आठ-नऊ वर्षांची होते. अण्णांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून आम्ही डोंगरापर्यंत जायचो. कुठल्या डोंगरापर्यंत, ते मी लिहिणार नाही. आधी चढण. करधई आणि सलईच्या मधून वर गेलं की एक उतार लागायचा, आणि त्या उतारावर कळलावी. वेलच तो, पण त्याला स्वतःचा कणा नाही. पानाचं टोकच वळून शेजारच्या झुडपाला धरतं आणि वेल त्याच्या आधाराने उभा राहतो. फूल खाली मान घालून उमलतं आणि पाकळ्या उलट्या वर जातात. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग शेंदरी, शेवटी लाल. आई त्यांना गौरीचे हात म्हणायची. संबंध उतारावर असे हात वर झालेले असायचे, आणि त्यांच्याकडे बघायला आम्ही दोघंच.

अण्णांचे नियम कडक होते. दोनच फुलं घ्यायची, नखाने देठ खुडून. ज्या वेलाला एकच फूल आहे त्याला हात लावायचा नाही. गेल्या वर्षी जिथून घेतलं तिथून यंदा नाही. मग खाली ओढ्यावर यायचं, सात खडे वेचायचे, आणि तिथून घरापर्यंत मुकं राहायचं. गौर मुक्याने आणतात. वळून मागे बघायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मला गप्प बसवणं अवघड, म्हणून आई तोंडात पाण्याची गुळणी धरायला लावायची. सायकल खड्ड्यात आदळली की अर्धी गुळणी पोटात जायची आणि गौर रुसेल म्हणून मी पुढचा रस्ता रडवेली व्हायची. अण्णा पेडल मारताना म्हणायचे, "बेबी, गिळलीस तर गिळलीस. बोलू नकोस म्हणजे झालं."

एकदा मी त्यांना विचारलं होतं, बोललं तर काय होतं? ते म्हणाले, "बोललं की लोक विचारतात, कुठून आणलीस." तेव्हा मला वाटलं, अण्णांना उत्तर येत नाही म्हणून ते टाळतायत. शास्त्रात काहीतरी मोठं कारण असेल, मी मोठी झाले की वाचीन. मोठी झाले आणि पुष्कळ वाचलं, पण ते त्यात कुठेच नव्हतं.

अण्णा गेल्यावर मी एकटीच जात राहिले. स्कूटरवर, मग रिक्षाने, मग कॅबने. त्या उतारावर माझ्याशिवाय येणारी एकच बाई मला माहीत होती, रामकली. खालच्या वस्तीतली, शेळ्या चारणारी. तिच्या भाषेत हे फूल करियारी. त्याचा कंद विषारी, पोटात गेला तर माणूस वाचत नाही. पण विंचू चावला की ती तो उगाळून लावायची, आणि त्यासाठी कधी वर्षा-दोन वर्षांनी एखादा कंद काढायची. आम्ही एकमेकींना बघितलं की मान हलवायचो. मी दोन फुलं खुडायची, ती शेळ्या हाकायची. अशी कित्येक वर्षं गेली.

मग तो तीन वर्षांपूर्वीचा श्रावण आला. मी निवृत्त झाले होते आणि रिकामी होते, हे आधी कबूल केलं पाहिजे. त्या उतारावर बगीचा करायचा बेत असल्याचं कानावर आलं. पायथ्याशी फलकही लागला. फरशीची पायवाट, बाकं, ओळीत लावलेली परदेशी झाडं. रानात आधीच घाणेरी घुसलेली होती, खालच्या अंगाला दगड फोडून नेला होता. मला वाटलं, हे सगळं होतं कारण लोकांना माहीतच नाही तिथे काय आहे. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी कोण भांडेल? वर्गात मी हेच सांगत आले होते, आधी ओळख, मग माया. जन्मभर ज्यावर पगार घेतला ते खरं असणारच, अशी माझी समजूत.

मंडळाने व्याख्यान ठेवलं. वैशाली, माझी एके काळची विद्यार्थिनी, आता मंडळाची चिटणीस, माझ्याहून उत्साही. म्हणाली, "मावशी, नुसतं लेक्चर बोर होऊन जाईल. सगळ्यांना तिथेच घेऊन चलू ना. बस करून टाकू." स्टेशनाजवळच्या पडावहून बस निघाली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, साबुदाण्याच्या खिचडीचे डबे, आणि सगळ्यात पुढे मेजरकाका. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फौज. सत्तरी उलटली तरी चालणं कवायतीचं. चढणीवर ते तरुणांना दटावत होते, "अरे चला ना, काय बसून राहिलात!"

आणि उतार आला. मंडळी गप्प झाली. ते मी कधी विसरणार नाही. इतकी बडबडी आमची माणसं, निम्मी हिंदीत आणि निम्मी मराठीत बडबडणारी, एकदम गप्प. एक बाई खाली बसून फुलाकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं. मी एकेक नाव सांगत गेले. हा केना, निळा. ही रानातली मुसळी, पांढरी. हा गवतात लपलाय तो आभाळी. लोकांनी नावं वहीत लिहून घेतली. मी बजावलं, "फूल तोडायचं नाही. एकही नाही." आणि खरंच, एवढ्या माणसांतून एकानेही फूल तोडलं नाही. वर्गातल्या शहाण्या मुलांचा वाटावा तसा मला त्यांचा अभिमान वाटला.

मग मेजरकाकांनी विचारलं, "हे पूजेत चढवतात का?" आणि मी सांगितलं. गौरीचे हात सांगितले, दोन फुलांचा नियम सांगितला, ओढा सोडून सगळं सांगितलं. अण्णांचं सांगत होते तेव्हा वैशालीच्या हातात फोन होता, तो सगळं टिपत होता. ओढा वाचला तो केवळ बस तिकडे जात नाही म्हणून. माझ्या शहाणपणामुळे नाही.

रामकली शेळ्या घेऊन लांब उभी होती. निघताना मी तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "इत्ते जने काए लै आईं, बैनजी?" मी म्हटलं, देखेंगे तो बचाएँगे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. पण बसमध्ये मंडळी गात होती आणि मी लगेच विसरले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी गौरी आल्या. हळदीकुंकवाला मी पहिली गेले ती मेजरकाकांकडे, हजीऱ्याला. त्यांच्याकडे उभ्या महालक्ष्म्या, खड्यांच्या गौरींशी त्यांचा काही संबंध नाही. पण मखराच्या दोन्ही बाजूंना कुंड्या होत्या आणि कुंड्यांत कळलावी. बांबूच्या काटक्यांवर चढवलेली, फुललेली. मी दारातच थांबले. काका आनंदाने पुढे आले. "या, या मॅडम! बघा. मी स्वतः खुरपं घेऊन गेलो होतो. तुम्ही म्हटलं होतं नं, फूल नाही तोडायचं. एक पण नाही तोडलं. मुळासकट काढलं, पूर्णच्या पूर्ण! आता ते बगीचेवाले येऊ देत, आम्ही तर वाचवून ठेवलंय."

त्यांचा चेहरा असा फुलून आला होता की मला बोलवेना. त्यांच्या सुनेने माझी ओटी भरली. नैवेद्याची पुरणपोळी मी खाल्ली. "छान आहे," असं म्हणाले, आणि ते पोळीबद्दल म्हणाले की कुंडीबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. पुढच्या घरी गेले, तिथेही कुंडी. त्याच्या पुढच्या घरी दोन. एकीकडे बादलीत. सगळीकडे माझे आभार. "मावशी, तुमच्यामुळे कळलं." "काकू, तुम्ही नसतं सांगितलं तर आम्ही अनपढच राहिलो असतो." हळदीकुंकवाने कपाळ भरत गेलं आणि मला घरी जाऊन दार लावून घ्यावंसं वाटत होतं. एका घरातून दुसऱ्या घरात मी आपल्याच चुकीचं प्रदर्शन बघत फिरले.

मी तिथे एक गोष्ट तरी सांगायला हवी होती. त्या गप्प राहण्याबद्दल मी स्वतःला सोडणार नाही. कळलावी कार्तिकात पिवळी पडते आणि वाळते. ती मरत नाही. कंद जमिनीत झोपतो, आठ महिने झोपतो, आणि त्या झोपेत त्याला पाणी लागत नाही. हे त्या माणसांना माहीत नव्हतं, आणि ज्या बाईला माहीत होतं ती पुरणपोळी खात बसली. दिवाळीनंतर वेल वाळले. निम्म्या घरांनी कुंड्या घंटागाडीत रिकाम्या केल्या. जिवंत कंद कचऱ्यात गेले. उरलेल्यांनी माया केली, म्हणजे रोज पाणी घातलं. मेजरकाका सकाळ-संध्याकाळ घालायचे, वर शेणखतही. झोपलेला कंद कुजून गेला. मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. "वाळलंय म्हणजे मेलेलं नाही, फेकू नका." सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले.

पुढच्या भाद्रपदात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस पोतं पसरून बसला होता. पोत्यावर कळलावीच्या जुड्या, मुळांना ओली लाल माती. वैशालीने काढलेला तो व्हिडिओ कुठे कुठे फिरला होता कोण जाणे. तो ओरडत होता, "असली पहाड़ी फूल, गौरी मैया का!" मी त्याला विचारलं, कहाँ से लाते हो? तो हसून म्हणाला, "वो नईं बताएँगे अम्मा. धंधे की बात है." त्याला कळत होतं. ग्वाल्हेरातल्या शिकल्यासवरल्या बाईला जे कळलं नाही ते पोतेवाल्याला कळत होतं.

यंदा मी आवाहनाच्या आदल्या दिवशीच जाऊन आले. गौर आणायच्या दिवशी रिकामा उतार बघायला नको, म्हणून आधीच बघून घेतला. करधई हिरवी होती. केना होता, निळा. मी नेहमीच्या जागी उभी राहिले आणि डोळ्यांनी हात शोधत राहिले. लालसर काही दिसलं की पुढे जायचं, तर ती कुणीतरी टाकलेली वेफरची पिशवी. जमिनीत खड्डे होते, जुने, कडा ढासळलेले, काहींत घाणेरीची रोपं वर आलेली. बियांतून आलेली एखादी बारीक वेल तरी असेल म्हणून मी वाकून वाकून फिरले. बी पडायला फूल वेलावर सुकू द्यावं लागतं. ते कुणी सुकू दिलंच नव्हतं.

तो बगीचा झालाच नाही. बेत कुठल्या तरी फायलीत विरला आणि फलक गंजून पडला. बगीचेवाल्यांनी एकही खड्डा खणला नाही. खणले ते आम्ही.

रामकली भेटली. म्हातारी दिसली. शेळ्याही आता दोनच. तिने मला वाकलेलं बघितलं आणि म्हणाली, "का ढूँढ़ रईं? गड्ढा गिनबे आई हो?"

मी म्हटलं, "एक भी नहीं बची?"

"नईं." शेळी वळवून घेत ती म्हणाली, "हमने तो अपनी बहू तक को जगा नईं बताई हती, बैनजी."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तिच्याशेजारी दगडावर बसले. न ओळखणाऱ्यांनी डोंगर फोडला आणि ओळखणाऱ्यांनी फुलं नेली, मग माणसाला शिकवायचं तरी काय? हे तिला विचारावं असं वाटलं, पण हिंदीत ते फार मोठं झालं असतं. तिने बटव्यातून सुपारी काढून मला दिली. आम्ही दोघी ती चघळत त्या रिकाम्या उताराकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओढ्यावर गेले. तिथे अजून तेरडा आहे. काठाला दोन्ही बाजूंनी गुलाबी, गुडघाभर. पूर्वी आई गौरीशेजारी तेरड्याची डहाळी ठेवायची. कळलावी नाही तर नाही, निदान हा तरी न्यावा, असं मनात आलं. हात पुढे केला आणि मागे घेतला. दारात डहाळी दिसली की कोणीतरी विचारणार. सात खडे तेवढे वेचले, पदराखाली घेतले, तोंडात गुळणी धरली. या वयात गुळणी धरून कॅबमध्ये बसले. ड्रायव्हरने दोनदा पत्ता विचारला, मी फोनवर लिहून दाखवला.

दारात वैशाली उभी. दूध-पाणी, हळदीकुंकवाची पावलं, सगळं तिने मांडून ठेवलं होतं. ती दरवर्षी येते, मनाची चांगली आहे. त्या व्हिडिओबद्दल ती माझ्याजवळ एकदा रडलीही आहे. मी खडे तिच्या हातातल्या तबकात ठेवले, पावलांवरून आत आणले, बसवले. वैशालीने बाजारची शेवंती वाहिली. घंटा वाजली. आता बोलायला हरकत नव्हती. मी गुळणी टाकून आले.

वैशालीने एक खडा हातात घेतला होता. तांबूस, मधून एक पांढरी रेघ गेलेली. तिने तो उजेडात धरला.

"मावशी, हे किती सुंदर आहेत! मी कधी ध्यान देऊन बघितलंच नव्हतं. कुठून आणून राहिली तू? सांग ना. पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ. नवीन मुलींना पण माहीत पडेल."

अण्णांनी मला गप्प राहायला शिकवलं होतं. खोटं बोलायला नव्हतं शिकवलं. आणि इथे समोर गौर नुकती बसलेली, निरांजन लावलेलं.

"बाजारात मिळतात," मी म्हणाले.

"अच्छा?" वैशाली म्हणाली. तिने खडा परत तबकात ठेवला. माझं ती शाळेपासून सगळं खरं मानत आली आहे.